कोणी विचारलं तर

७ जानेवारी

चि. बडबडीस मामाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप घरी पोचलो. मामीला बोट लागली नाही, बस मात्र लागली. कुलूप उघडून आत आलो तर आमच्या चपलांमधून वाळू सगळ्या घरभर. मामीने केरसुणी घेतली आणि मध्येच थांबून म्हणाली, "राहू दे दोन दिवस." ती वाळू अजून दाराच्या कोपऱ्यात गोळा करून ठेवली आहे.

फोन करणार होतो. पण फोनवर आधी मामी बोलते, मग पुन्हा मामी बोलते, आणि माझ्या वाट्याला "बरं, ठेवतो" एवढंच उरतं. म्हणून लिहितो आहे. तूही लिही.

छापखान्यात सगळ्यांना बेटाच्या गोष्टी सांगून झाल्या. बांधणीच्या टेबलावर मी पुठ्ठे कापत असतो आणि सांगत असतो. समुद्रात मी गुडघ्याएवढ्या पाण्यात गेलो होतो, ते सांगता सांगता कंबरेपर्यंत आलं आहे. टेबलावरचा माझा जोडीदार म्हणाला, "उद्या गळ्याशी येईल, परवा तू बुडशील आणि तुझं काम माझ्या गळ्यात पडेल."

खरं सांगू? माझ्या वयाची पन्नाशी आली, पण सुट्टी म्हणजे काय ते मला तू दाखवलंस. माडांच्या खोडांना कागदाच्या माळा, वाळूवर मांडलेली लांबच लांब टेबलं, भरदुपारी वाजंत्री, आणि कोणालाही कुठे जायची घाई नाही. तू दिलेला फुलाफुलांचा शर्ट घालून आरशासमोर उभा राहिलो तेव्हा मामी म्हणाली, "खिडकीचा पडदा चालायला लागला." तरी तो घालूनच मी रस्सीखेचीत उतरलो. कोण कुठली माणसं, पण आमचा गट जिंकला तेव्हा सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या. पहाटे किनाऱ्यावर बसून देवाचं नाव घेतलं. इतक्या निवांतपणे आजवर कधी घेतलं नव्हतं.

तू आधीच बजावलं होतंस, की सुट्ट्यांच्या गर्दीत हॉटेलातल्या नोकरांच्या नातेवाइकांना खोली देत नाहीत, तेव्हा ओळख दाखवायची नाही. आम्ही ते नीट पाळलं. काउंटरवर तू मला "सर" म्हणालीस तेव्हा मामीने हसू लपवायला पदर तोंडाला लावला, तेवढंच.

आणि एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तुला कुठेही मान खाली घालावी लागू नये म्हणून आम्ही आमची खोली एक दिवसही कोणाला झाडू दिली नाही. पहिल्या सकाळी सफाईची बाई चादरींची गाडी ढकलत आली. एवढीशी बाई, आणि गाडी तिच्या डोक्याच्या वर. तिने आपली मोरी धुवायची, हे मामीला बघवेना. मामीने हात जोडले, "बाई, आमचं आम्ही करू." दाराला ती 'त्रास देऊ नये'ची पाटी लावून टाकली, आणि रोज मी झाडलं, मामीने पुसलं, चादर झटकून पुन्हा घातली. निघताना खोली अशी होती की कोणी राहून गेलं असं वाटू नये. छापखान्यातही शेवटचा माणूस टेबल पुसूनच जातो. आपल्या घरचं वळण आपण बेटावरही सोडलं नाही, याचं मला बरं वाटतं.

तुझा,
मामा

१६ जानेवारी

ती. मामास नमस्कार.

पत्र मिळालं. मामीला सांग, वाळू झाडून टाक, इथे भरपूर आहे. गर्दी ओसरली. माळा उतरवल्या, टेबलं उचलली.

एक विचारायचं होतं. शेवटच्या सकाळी न्याहारीच्या वेळी गादीसाहेब तुझ्या टेबलापाशी आले होते ना? म्हणजे सफाईवरचे साहेब. उंच आहेत, खोलीत शिरले की आधी गादी तळव्याने दाबून बघतात, म्हणून आम्ही त्यांना हे नाव ठेवलं आहे. त्यांनी तुला काय विचारलं आणि तू काय सांगितलंस? आठवेल तसं लिही.

सहजच विचारते आहे.

तुझी,
भाची

२२ जानेवारी

चि. बडबडीस आशीर्वाद.

तुझं पत्र उघडलं तर तार आल्यासारखं वाटलं. असंच लिहिणार असशील तर तुझं नाव बदलावं लागेल. तब्येत बरी आहे ना? जेवतेस ना वेळेवर?

ते साहेब आले होते खरे. ते सगळ्यांनाच विचारत होते. हवा कशी वाटली, जेवण आवडलं का, खोलीची सफाई होते ना, असंच काहीतरी. नेमके शब्द आता आठवत नाहीत. मी जे खरं ते सांगितलं. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि तुलाही मी तेच शिकवलं आहे.

इकडे वह्यांचं काम जोरात आहे. खळीच्या वासाने डोकं उठतं. मामीचा गुडघा पुन्हा कुरकुरतो आहे, पण बेटावरच्या पायऱ्या आठवल्या की तिला तेही गोड वाटतं. त्या सफाईवाल्या बाईला मामीने नमस्कार सांगितला आहे. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हळहळते आहे. तू शोधून काढ.

तुझा,
मामा

१ फेब्रुवारी

ती. मामास नमस्कार.

तिला इथे सगळे लगबग म्हणतात. चालायची तशी, म्हणून. मामीचा नमस्कार मी तिला सांगू शकले नाही, कारण ती इथे नाही. तुम्ही ज्या दिवशी निघालात, त्याच दिवशी दुपारच्या बोटीने तिला परत पाठवलं.

हे मी तुला सांगणार नव्हते. पण तुझ्या दुसऱ्या पत्रात "नेमके शब्द आठवत नाहीत" हे वाचलं आणि माझी झोप उडाली. मामा, तुला सगळं आठवतं. माझ्या चौथीतल्या कवितासुद्धा तुला आठवतात.

लगबग माझ्याच खोलीत राहायची, समोरच्या पलंगावर. सुट्ट्यांच्या गर्दीपुरत्या बायका घेतात आणि त्यांतल्या एकीला कायम करतात. यंदा तीच होणार हे सगळ्यांना माहीत होतं. कायम झालेल्यांना मागच्या चाळीत खोली मिळते, कुटुंब आणता येतं. तिची मुलगी समुद्रापलीकडे आजीजवळ असते. ती मुलगी इथे येणार म्हणून लगबगने त्या रिकाम्या खोलीत जाऊन मुलीच्या हाताला पोचेल असा खिळासुद्धा ठोकून ठेवला होता, दप्तर अडकवायला.

तुमच्या खोलीतल्या चादरी धुलाईला येत नाहीत, हे गादीसाहेबांच्या लक्षात आलं. त्यांनी तिला विचारलं, ती म्हणाली, खोली रोज होते. मग ते तुझ्याकडे आले. मी काउंटरवर होते. तुझे शब्द ऐकू आले नाहीत, पण तुझी मान हललेली मी पाहिली.

त्यांनी तिला माझ्यासमोरच बोलावलं. म्हणाले, "पाहुण्यांची तक्रार आहे, तू एकदाही गेली नाहीस." ती म्हणाली, "साहेब, त्यांनीच नको म्हटलं. त्यांना विचारा ना, ते सांगतील." साहेब म्हणाले, "त्यांनाच विचारून येतोय."

मामा, तिने माझ्याकडे पाहिलं. तुम्ही माझे कोण, हे या बेटावर फक्त तिला माहीत होतं. मी रजिस्टर उघडून त्यात बघत राहिले. तिने माझं नाव घेतलं नाही. खोलीवर येऊन कपडे भरताना एवढंच म्हणाली, "तुझे मामा म्हणाले होते, बाई, घाबरू नका, कोणी विचारलं तर मी आहे."

हे खरं आहे का? तुझ्या पहिल्या पत्रात तू हे लिहिलं नव्हतंस.

भाची

२० फेब्रुवारी

चि. बडबडीस,

उशीर झाला. कामाचं निमित्त सांगणार होतो. तसं एक पत्र लिहिलंही होतं, पण मामीने वाचलं आणि परत माझ्यासमोर ठेवून दिलं.

हो, खरं आहे. ती बाई म्हणाली होती, "मला बोलणी बसतील." मामी म्हणाली, "कुणाला कळणार आहे?" आणि मी म्हणालो, कोणी विचारलं तर मी आहे. छातीवर हात ठेवून म्हणालो. तिने "बरं" म्हटलं आणि गाडी वळवली.

आता त्या सकाळचं. माझ्या टेबलाशी रस्सीखेचीतली माणसं बसली होती. आदल्या दिवसापासून त्यांनी मला आपल्यात ओढलं होतं. ती माणसं सारखी कुरकुरत होती. एकाचा टॉवेल खरखरीत, दुसऱ्याचा चहा गार. त्यांच्या कुरकुरीतसुद्धा एक ऐट होती, मला ती बघायला आवडत होती. तेवढ्यात तुझे गादीसाहेब आले, माझ्याकडे वाकले आणि म्हणाले, "साहेब, आपल्या खोलीत सफाईला बाई येतात ना?"

मला कोणी साहेब म्हणत नाही. छापखान्यात मी "अहो बांधणीवाले" आहे. सगळे माझ्याकडे बघत होते. 'आमची खोली आम्हीच झाडतो' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. मग मनात आलं, ही माणसं हसतील. म्हणतील, यांना इथे आणलं कुणी? आणि मी म्हणालो, "छे हो! एकदाही कोणी फिरकलं नाही."

साधं नाही म्हणालो असतो तर कदाचित त्यांनी पुढे काही विचारलं असतं. पण मी 'फिरकलं नाही' म्हणालो. कपाळाला आठी घातली, चहाचा कप जरा बाजूला सरकवला. शेजारचा म्हणाला, "बघा, यांचंही तेच रडगाणं!" सगळे हसले, आणि मला बरं वाटलं.

हे लिहायलाच मला इतके दिवस लागले. मला बरं वाटलं, बाळ.

त्या बाईचं काय होईल हे मनात आलंच नाही असंही नाही. आलं होतं. बोटीत बसताना आलं होतं. पण मी स्वतःला समजावलं, की मी खोटं कुठे बोललो? खरंच कोणी आलं नव्हतं. या एका गोष्टीचा आधार धरून मी रोज देवापुढे बसत होतो. आता डोळे मिटले की ते टेबल दिसतं, म्हणून उघड्या डोळ्यांनी बसतो आणि लवकर उठतो.

सोबत गादीसाहेबांना पत्र आहे. घडलं तसं लिहिलं आहे. मामी म्हणाली, "कुणाला कळणार आहे, हे मी म्हटलं होतं, माझंही लिहा," म्हणून तेही लिहिलं आहे. तुझं नातं लिहिलेलं नाही, पण त्यांनी खोदून विचारलं तर ते बाहेर येईल. म्हणून पाकीट चिकटवलं नाही. तुझ्या नोकरीवर बेतत असेल तर फाडून टाक, मी स्वतः बोटीने येऊन सांगेन. तू रजिस्टरमध्ये बघत राहिलीस याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. ओळख दाखवायची नाही, हे तू आमच्या सुट्टीसाठी ठरवलं होतंस.

मामा

६ मार्च

ती. मामास नमस्कार.

पत्र दिलं. पाकीट दोन दिवस उशीखाली होतं, हेही सांगते, म्हणजे तू एकटाच नाहीस.

देताना मीच सांगून टाकलं की तुम्ही माझे मामा-मामी. गादीसाहेबांनी उभ्याउभ्या वाचलं आणि ते हसायला लागले. वाईट नाही हसले, कौतुकाने हसले. हिशेबनीसांना हाक मारून अर्धं पत्र वाचून दाखवलं. "अहो, मोरीसुद्धा धुतली म्हणे! असे पाहुणे मिळाले तर आपल्याला माणसं ठेवायलाच नकोत." मग म्हणाले, "फार सज्जन माणूस आहे तुझा मामा."

मी लगबगचं विचारलं. ते म्हणाले, तिच्या जागी दुसरी आली, ती कायमही झाली, आता तिला कशी काढू? आणि पाहुणे नको म्हणाले तर लगबगने येऊन सांगायला हवं होतं, खोली झाली असं सांगायला नको होतं. खिळा ठोकलेल्या खोलीत आता दुसरं कोणी राहतं.

मला काउंटरवरून काढून मागच्या खोलीत फोनवर बसवलं आहे. तिथे खिडकी नाही. काळजी करू नकोस, फोनवर चेहरा हसरा ठेवावा लागत नाही.

सोबत हॉटेलचं एक पत्र आहे. पाहुण्यांना स्वतः खोली झाडावी लागली याबद्दल दिलगिरी, आणि पुढच्या सुट्टीत दोन दिवस राहणं मोफत. ते मला इथे ठेववेना, म्हणून तुला पाठवते आहे.

लगबगचा पत्ता मागे लिहिला आहे. माझ्या पत्राला तिने उत्तर दिलेलं नाही. जायचं असेल तर जा. तिथे जाऊन तू काय बोलशील, ते मला सुचत नाही.

तुझी,
भाची

२८ मार्च

चि. बडबडीस आशीर्वाद.

हॉटेलचं ते पत्र परत पाठवलं. गेल्या रविवारी आम्ही दोघं लगबगकडे गेलो.

टायरच्या दुकानावर माडी, तिथे दोन खोल्या. जिना इतका अरुंद की मामी पुढे आणि मी मागे. काय बोलायचं ते मी बसमध्ये मनात घोकलं होतं. पहिलं वाक्य असं होतं, "बाई, मी तुमचा अपराधी आहे." दार तिनेच उघडलं. तिने आम्हाला लगेच ओळखलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला, "कोण गं?"

लगबग माझ्याकडे बघत राहिली आणि मान न वळवता म्हणाली, "हॉटेलातले साहेब आलेत, आई. आमचं काम बघतात ते."

तिने घरात काही सांगितलेलंच नाही. गर्दीच्या दिवसांत जास्त काम केलं म्हणून लांब रजा मिळाली, असं सांगितलं आहे. आई रोज विचारते, रजा संपते कधी. हे मला नंतर कळलं, पण तिच्या डोळ्यांत बघितलं तेव्हाच अर्धं कळलं होतं.

म्हातारीने घाईघाईने खाटेवर धुतलेली चादर अंथरली, मला त्यावर बसवलं. मी जमिनीवर बसतो म्हणालो तर म्हणाली, "असं कसं, साहेब!" मामी भिंतीला टेकून बसली आणि तिने मान वर केली नाही. मुलगी खाली पाटीवर गणितं करत होती. मुलगी चुणचुणीत आहे. तिने पेन्सिल कानावर अडकवली आणि मलाच विचारलं, "आमची खोली रंगवून झाली का?"

मी लगबगकडे पाहिलं. ती पाणी ओतत होती, तिचा हात तिथेच थांबला. तिने मुलीला तसं सांगितलं असणार, की खोलीला रंग देतात, म्हणून उशीर. मी म्हणालो, "रंग अजून ओला आहे, बाळ."

मग म्हातारी पुढे सरकून बसली. "साहेब, ही घरी काही सांगत नाही. कसं काम करते हो? तुम्ही तर रोज बघत असाल."

मी काय बघितलं होतं? मी तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. पण सांगावं लागलं. चादरीला एक सुरकुती राहू देत नाही, असं सांगितलं. पलंगाखाली वाकून झाडते, कोपऱ्यातली वाळू बोटाने काढते, आरसा असा पुसते की आरसा आहे हे कळू नये. बोलता बोलता लक्षात आलं, हे सगळं मी मामीचं सांगतो आहे. मामीच्याही लक्षात आलं. ती तोंडात पदर धरून बसली होती, आणि या वेळी हसू लपवायला नाही. लगबग दाराच्या चौकटीत उभी राहून ऐकत होती, जणू कोणा तिसऱ्याच बाईची गोष्ट चालली आहे.

म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. ती मला हात जोडून म्हणाली, "तुमच्यासारख्या माणसाच्या हाताखाली आहे म्हणून निर्धास्त आहे मी." मला उठून पळावंसं वाटलं. मी तिथे बसून तो नमस्कार घेतला. आजवर देवापुढे इतका लहान मी कधी झालो नव्हतो.

आम्हाला बसपर्यंत पोचवायला लगबग आली. जिना उतरल्यावर मी सुरू केलं, "बाई, माझं चुकलं, मी..." ती म्हणाली, "इथे नको, साहेब. दुकानदार ओळखीचे आहेत." मी म्हणालो, "मला साहेब म्हणू नका." ती म्हणाली, "मग काय म्हणू?" मामीने तिचा हात धरायला हात पुढे केला, तिने तो धरू दिला, आणि सोडवून घेतला. तू कशी आहेस ते विचारलं. तुला फोनच्या खोलीत बसवलं हे सांगितलं तेव्हा म्हणाली, "ती कशाला बोलली उगाच."

माफी मागायला गेलो होतो. ती मागितली असती तर माझं ओझं उतरलं असतं आणि तिच्या घरावर पडलं असतं. तशीच परत घेऊन आलो.

थांब्यावर आम्ही बसची वाट बघत उभे राहिलो. बस वळणावर दिसली तेव्हा तिने मला विचारलं. रागाने नाही, गमतीने नाही, एखाद्या माहितगाराला विचारावं तसं.

"साहेब, रंग किती दिवसांत वाळतो म्हणून सांगू तिला?"

बस आली. मामीने मला हाताला धरून वर चढवलं.

मामा